खालच्या गल्लीतला वरचा जावई

माझ्या मावशीने एका वरच्याशी लग्न ठरवलं, तेव्हा आमच्या आजोबांनी दोन-चार दिवस दुकानच उघडलं नाही. दुकान कुलपांचं आणि बिजागऱ्यांचं होतं. गल्लीतले लोक म्हणाले, म्हाताऱ्याने सगळी कुलपं स्वतःच्याच तोंडाला लावलेली दिसतात.

वरचा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमचा देश तेव्हा एकच होता, पण त्याला वर आणि खाली होतं. खाली समुद्र, बंदर, कारखाने आणि आम्ही. वर डोंगर, धरणं, बंद पडत चाललेल्या खाणी आणि ते. त्यांची पोरं शिकली की कामाला खाली यायची, नाही शिकली तरी खालीच यायची. आम्ही म्हणायचो, आमच्या घामाचे कर वर जातात आणि हे लोक उन्हात बसून गप्पा मारतात. ते म्हणायचे, आमचं पाणी, आमची वीज, आमची पोरं, सगळं खाली जातं आणि वर परत येतात ती फक्त आश्वासनं. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. एकाचं खोटं असतं तर भांडण लवकर मिटलं असतं.

भाषा एकच, पण वरचे शेवटचं अक्षर ताणायचे. "येतोस काऽऽ" म्हणून होईपर्यंत माणूस येऊन परत जायचा. आम्ही शब्द अर्धे गिळतो, असं त्यांचं म्हणणं. "कंजूष लोक, अक्षरसुद्धा पुरतं देत नाहीत." वरच्यांकडे कुणी आधी कळवून गेलं तर ते दारातच विचारायचे, काय वाईट बातमी आहे? आमच्याकडे कुणी न कळवता आलं तर तेच आम्ही विचारायचो.

अशा वरच्या मुलखातून पेंटरकाका आले. खाणीत कोळशाच्या रेल्वे-वाघिणींवर नंबर रंगवायचं काम करत होते. वाघिणी कमी झाल्या तसे ब्रश पिशवीत घालून खाली उतरले आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. हात असा की अक्षर काढलं की वाटावं, हे इथे आधीपासूनच होतं, यांनी नुसती धूळ पुसली.

आजोबांनी त्यांना दुकानाची पाटी रंगवायला बोलावलं. वरच्यांबद्दल आजोबांचं मत काही चांगलं नव्हतं, पण पाटी चांगली हवी होती. गल्ल्यावर मावशी बसायची. पाटीत अक्षरं मोजकीच, पण काका शिडीवरून उतरायचं नाव घेईनात. एका अक्षराची शेपटी तर त्यांनी तीनदा पुसून पुन्हा काढली. शेवटी आजोबा ओरडले, "अहो पेंटर, पाटी रंगवताय की संसार थाटताय?" पुढे जे झालं ते बघता आजोबांनी हा प्रश्न विचारायला नको होता.

लग्न कचेरीत झालं, जेवण आमच्या घरी. वरून मोजकी माणसं येतील म्हणून आजोबांनी खुर्च्या मांडल्या होत्या. आले ते ट्रक भरून. कुणी पेटी वाजवत, कुणी गाद्या घेऊन. आठवडाभर राहायच्या तयारीने आले होते आणि राहिलेही. काकांची आई म्हणजे ठसठशीत, मोठ्या आवाजाची बाई. घरभर हिंडून आली आणि आजोबांना म्हणाली, "व्याही, तुमच्याकडे दारं फार होऽऽ."

"विकतो ना आम्ही," आजोबा म्हणाले. "बिजागऱ्या आणि कुलपं."

"ते कळलं. पण मिठाईवाला काय दिवसभर मिठाई खातो काऽऽ?"

 आजोबांना यावरचं उत्तर रात्री झोपताना सुचलं, पण तोवर ती घोरत होती, असं माझी आई सांगते.

काका खाली चांगले रुळले. इतके की त्यांचं बोलणं कुणाला वेगळं वाटेना. शब्द गिळायला ते आमच्यापेक्षा पटकन शिकले. शिडीवर चढून पाटी रंगवताना खाली दुकानदार उभा राहायचा आणि वरच्यांच्या नावाने बोटं मोडायचा. "तुम्ही आपल्यातले म्हणून सांगतो पेंटर, यांना पायरीवर बसू दिलं की ओसरीवर येतात." काका "हं" म्हणायचे आणि मात्रा ओढायचे. मी तेव्हा शाळेत होते. काकांच्या घरी गेलं की ते मला या लोकांच्या हुबेहूब नकला करून दाखवायचे. आम्ही लोळून हसायचो. मावशी मात्र कपडे वाळत घालता घालता एकदा म्हणाली, "नक्कल छान करता, पण तिथल्या तिथे तोंड का नाही उघडत?"

"रंग ओला असतो गं," काका म्हणाले.

मग वेगळं व्हायची हवा सुटली. खालच्यांचा एक पक्ष निघाला, वरच्यांची एक संघटना निघाली, आणि गंमत म्हणजे दोघांची मागणी एकच होती. आम्हाला तुमच्याबरोबर राहायचं नाही. ठरलं की लोकांचं मत घ्यायचं. आता मत घ्यायचं म्हणजे भिंती रंगवायला हव्यात, आणि गावात भिंतीवर हातभर उंचीचं अक्षर सरळ काढणारा माणूस एकच. सकाळी काका बंदराच्या भिंतीवर लिहायचे, "आमचं आम्हाला पुरे!" आणि दुपारी वरच्यांच्या कामगारवस्तीत, "पाणी आमचं, दिवे तुमचे, चालणार नाही!" निळा रंग दोन्हीकडे सारखाच. डबा अर्धा उरला की दुसऱ्या पक्षाला वापरायचे.

मावशी सगळ्यांना सांगायची, "देश फुटतोय आणि आमच्याकडे नवं कपाट येतंय."

याच दिवसांत आजोबांची माडीवरची खोली रिकामी झाली. त्यांनी काकांना दुकानात बोलावून घेतलं.

"जावईबापू, एक लहानशी पाटी हवीय. लिहा, माडीवरची खोली भाड्याने देणे आहे. आणि खाली दुसरी ओळ. वरच्यांनी चौकशी करू नये."

 काका म्हणाले, "बाबा, मी वरचा आहे."

"मग? तुम्हाला कुठे खोली हवीय?"

आजोबांनी हे अगदी साधेपणाने विचारलं. टोमणा नव्हता, राग नव्हता. त्यांच्या मनात वरचे म्हणजे कुणीतरी घोळक्याने येणारे लोक होते, आणि जावई म्हणजे जावई. या दोन गोष्टींची कधी गाठच पडली नव्हती.

त्या संध्याकाळी काकांनी घरी ब्रश धुतले ते धुतच बसले. मावशीने विचारलं, तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं शिडीवर बसून लोकांचं ऐकलं, काही वाटलं नाही. आज जमिनीवर उभा राहून ऐकलं, तर लागलं." मग त्यांनी पाटी रंगवायला घेतली आणि जीव ओतून रंगवली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, कडेने बारीक लाल रेघ. आणि सगळ्यात खाली, जिथे पेंटर आपलं नाव टाकतात, तिथे बारीक अक्षरांत लिहिलं, "रंगवणारा: घरमालकांचा जावई (वरचा)."

आजोबांना चष्म्याशिवाय दुसऱ्या ओळीच्या खालचं दिसायचं नाही आणि बाहेर जाताना ते चष्मा घालायचे नाहीत. पाटी दारावर लागली. गल्लीने ती वाचली. शेजारच्या गल्लीनेही येऊन वाचली. माणसं उगीचच बिजागऱ्या घ्यायला यायची आणि जाता जाता पाटीपाशी थांबून खांदे उडवत हसायची. आजोबांना वाटलं, धंद्याला बरकत आली. शेवटी केस कापणाऱ्याने त्यांना खुर्चीत बसवून, कात्री हातात घेऊन विचारलं, "खोलीला गिऱ्हाईक मिळालं का? नाहीतर जावयालाच द्या की."

आजोबा अर्धे केस कापलेले तसेच उठले. घरी येऊन चष्मा लावला आणि पाटी वाचली. मग काकांना बोलावणं गेलं.

"पुसा ते!"

"कुठली ओळ, बाबा? दुसरी की तिसरी?"

"तिसरी!"

"पुसायच्या तर दोन्ही पुसतो. एकटी एक नाही पुसणार."

"मग राहू द्या!" आजोबा म्हणाले. माणूस हट्टी होता. स्वतःची फजिती चालेल, पण माघार नाही. पाटी तशीच राहिली.

काका मात्र आता थांबायला तयार नव्हते. तसल्या पाट्यांची गावात लाटच आली होती. खोलीवाले, दुकानवाले, एक शिकवणीवालासुद्धा. काका कुणाला नाही म्हणाले नाहीत. सगळ्यांच्या पाट्या सुरेख रंगवल्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं, "रंगवणारा: वरचा." मग गावभर कळलं की आपला पेंटर कोण आहे. ज्यांनी आयुष्यभर त्यांच्या शिडीखाली उभं राहून मन मोकळं केलं होतं, त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. खालच्यांच्या पक्षाने भिंतींचं काम काढून घेतलं. वरच्यांची संघटनाही भडकली. "आपल्याच माणसांच्या तोंडावर दार आपटणाऱ्या पाट्या लिहितोस? लाज नाही वाटत?"

"मी नाही लिहिल्या तर दुसरा लिहील," काका म्हणाले, "आणि तो खाली सही करणार नाही."

हे कुणाला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा पटलं नव्हतं, आणि अजून पुरतं पटत नाही. पण त्याचा परिणाम झाला. कुणालाच सहीवाली पाटी नको होती, आणि बिनसहीची काका देत नव्हते. हळूहळू तसल्या पाट्या उतरल्या. काकांचं कामही उतरलं. ते घरी बसून खेळणीवाल्याच्या लाकडी घोड्यांना डोळे काढून द्यायला लागले. मावशी म्हणायची, "सगळे घोडे हसतायत कसे हो? एखादा तरी गंभीर काढा."

अशात काकांची आई वरून आली. गावची शेवटची खाण बंद झाली होती, शेजारी एकेक करून उठून गेले होते, बोलायला माणूस उरला नव्हता. आणि त्या बाईचं जेवणावाचून चाललं असतं, बोलण्यावाचून नाही. न कळवताच आली हे सांगायला नको. काकांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या कपाटाने ती खाल्ली होती. सगळे विचार करत उभे असताना बाई उठली, गाठोडं उचललं आणि सरळ आजोबांच्या दारात गेली. पाटी वाचली. मोठ्याने वाचली. आणि जिना चढायला लागली.

आजोबा दुकानातून धावत आले. "विहीणबाई, अहो, ती पाटी..."

"वाचलीऽऽ. माझ्याच पोराचं अक्षर आहे, मी ओळखणार नाही काऽऽ? त्यात लिहिलंय, वरच्यांनी चौकशी करू नये." ती वळली. "मी कुठे चौकशी करतेय? मी राहायला आलेय."

 आजोबा जिन्यापाशी पोचेपर्यंत माडीवरच्या खोलीची खिडकी उघडली गेली होती आणि तिने समोरच्या घरातल्या बाईशी ओळखही करून घेतली होती.

पुढचे महिने आमच्या गल्लीची करमणूक झाली. आजोबा दारं लावायचे, ती उघडायची. आजोबा साडेसातला जेवायचे, ती भूक लागली की जेवायची. "तुमच्याकडे घड्याळं भिंतीभिंतीवर," ती म्हणायची, "आणि वेळ कुणाकडेच नाही." दुपारी ती दुकानाच्या पायरीवर बसायला लागली. कडी घ्यायला आलेल्या माणसाला आधी मुलंबाळं विचारायची, मग दाराची लांबी-रुंदी. गिऱ्हाईक जायचं नाव घ्यायचं नाही. आजोबा कपाळाला हात लावायचे, पण तिने एक दिवस सर्दीने पायरी सोडली तर तीनदा माडीवर जाऊन विचारून आले, "आज उतरणार नाही का?"

संध्याकाळी दोघांचं देशावरून भांडण व्हायचं. आजोबा कर मोजायचे, ती धरणं मोजायची. "आमच्या उशाशी धरण आणि घरात कंदील," ती म्हणायची. "मग मन लावून काम करावं माणसाने," आजोबा म्हणायचे. "कुठे करावं? कुलूप तुम्ही विकता, खाणीला लावता तुम्हीच!" ऐकणारे मधेच हसायचे, तेव्हा दोघंही त्यांच्यावर ओरडायचे, "हसताय काय? गंभीर विषय आहे!"

मतदानाच्या दिवशी सगळे मिळून केंद्रावर गेले. येताना मावशीने विचारलं, "बाबा, काय केलंत?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे. वेगळं व्हावं, असंच मत दिलं," आजोबा म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

"मीही तेच दिलंय," विहीणबाई म्हणाल्या. "आमचं आम्ही बघूऽऽ."

आजोबांचा चेहरा एकदम उजळला. "एका गोष्टीवर तरी आपलं एकमत झालं, विहीणबाई!" आणि दोघं मोठ्या खुशीत एकाच किटलीतला चहा प्यायला बसले. काका आणि मावशीने एकत्र राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. चहा त्यांनीच ओतला.

निकाल लागला. देशाचे दोन झाले. फारशी मारामारी झाली नाही, हे आमचं नशीब. एका खिंडीत नाका बसला, शिपाई आले, आणि फतवा निघाला की वर जन्मलेल्यांनी खाली राहायचं तर परवाना काढावा, नाहीतर आपल्या देशात जावं. काकांना बायकोमुळे परवाना मिळाला. त्यांच्या आईचं काय करायचं, हे कुणालाच कळेना. मुलगा स्वतःच परवान्यावर, त्याला दुसऱ्यासाठी अर्ज करता येत नव्हता, आणि माडीवरच्या खोलीचा मालक कायद्याने परका.

आजोबा चष्मा लावून कचेरीत गेले. मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. खिडकीतला कारकून तरुण होता आणि दमलेला होता.

"नातं?" त्याने विचारलं.

"विहीण."

"ऐका आजोबा. आई, बायको, बहीण, मुलगी. एवढीच नाती चालतात."

"मग हेही चालवा."

"असं नाही होत. आता त्यांचा देश वेगळा. तुम्ही मत काय दिलं होतं?"

"वेगळं व्हावं, असं."

"मग आता?"

आजोबा गोरेमोरे झाले. मागे रांग होती. "मत देशाबद्दल होतं," ते म्हणाले. "विहीणबाईंबद्दल नव्हतं!"

रांगेतलं कुणीतरी खिदळलं, पण फार नाही. त्या रांगेत असे बरेच जण होते. कुणाची मोलकरीण, कुणाचा भागीदार, कुणाची शिकवणीची बाई. कारकुनाने डोकं खाजवलं आणि हळूच सुचवलं, की बाई कामावर असतील तर वेगळा परवाना निघतो. अशा रीतीने काकांची आई कागदोपत्री कुलपांच्या दुकानातली मदतनीस झाली.

"मी तुमची नोकर?" तिने कंबरेवर हात ठेवून विचारलं.

"कागदावर."

"मग सुट्टी कधी असते माझी?"

"तुम्ही काम कधी करता, ते आधी सांगा," आजोबा म्हणाले, आणि लग्नापासून पहिल्यांदाच त्यांना उत्तर वेळेवर सुचलं.

काकांचे दिवस फिरले ते त्याच सुमाराला. दोन नवे देश म्हणजे दुप्पट कचेऱ्या, आणि दुप्पट कचेऱ्या म्हणजे दुप्पट पाट्या. वरच्यांनी आपलं लिहिणंसुद्धा वेगळं करून घेतलं, जसं बोलतात तसं ताणून. दोन्ही तऱ्हेने बिनचूक लिहिणारा हात काकांचाच. नाक्यावरच्या पाट्या त्यांनीच रंगवल्या, इकडच्याही आणि तिकडच्याही. तिथला शिपाई त्यांना दर वेळी विचारायचा, कुठले तुम्ही? काका म्हणायचे, "कामापुरता दोन्हीकडचा." हे ते हसून सांगायचे, पण नाक्याचं काम करून आले की त्या दिवशी नकला करायचे नाहीत.

एका वर्षी काकांच्या आईला आपलं घर बघावंसं वाटलं. आजोबा म्हणाले, मदतनिसाला एकटीला परदेशी कसं पाठवायचं? म्हणून तेही निघाले, सोबत काका. आयुष्यात पहिल्यांदा ते वर जात होते. देश एक होता तेव्हा कधी गेले नाहीत. नाक्यावर त्यांना विचारलं, किती दिवस? "उद्या परत," आजोबा ठसक्यात म्हणाले. परतले दोन आठवड्यांनी. आसपासच्या वस्त्यांमधून माणसं यायची आणि त्यांना हाताला धरून जेवायला न्यायची. एका घरी जेवत असताना दुसरं घर दारात येऊन उभं. आजोबांनी नंतर आम्हाला सांगितलं, की त्या मुलखात एकाही दाराला धड कडी नाही, धंद्याला फार वाव आहे.

एका संध्याकाळी काका दोघांना धरणाच्या भिंतीवर घेऊन गेले. पाणी नजर जाईल तिथपर्यंत. भिंतीवरून जाड तारा निघून डोंगरावरून खाली, आमच्या गावाकडे गेलेल्या. आणि धरणाच्या पायथ्याशी वस्ती, तिथे एकेक कंदील लागत होता.

आजोबांनी कठड्याला धरून वाकून पाहिलं. मग म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"मी रोज सांगत होतेऽऽ!"

"तुम्ही फार सांगता हो, विहीणबाई. त्यात ते राहून गेलं."

ती हसली नाही. काकांना वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलणार. पण तिने नुसता पदर सारखा केला आणि कठड्यावर आजोबांसाठी जागा करून दिली. आजोबा बसले. थोड्या वेळाने त्यांनी खाली बोट दाखवून विचारलं, की त्या कंदिलांपैकी तिचं घर कोणतं. तिने दाखवलं. तिथे कंदील नव्हता, कारण घरात कुणी नव्हतं. "तरी दिसतंय बरं," आजोबा म्हणाले, आणि ते कुठून, कसं दिसतंय, यावरून दोघांची जुंपली. काका सांगतात, खाली उतरेपर्यंत ते भांडण मिटलं नव्हतं.